हेरिटेज कमिटी नेमकं काय करते आणि तिच्यापुढे जायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: गिरगावातली तळमजला अधिक तीन मजल्यांची, भाडेकरूंची इमारत. स्वातंत्र्यापूर्वीची, उपकरप्राप्त (म्हणजे सरकारी मंडळाकडून होणाऱ्या दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), आणि वारसा परिसरात येणारी. रस्त्याकडची लाकडी गॅलरी एका बाजूला झुकली आहे. काही बिऱ्हाडांना जुन्या झिलमिलीच्या, म्हणजे तिरक्या लाकडी पट्ट्यांच्या, खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या आहेत. मालक म्हणतात, 'हेरिटेजमुळे हात बांधलेत, एक खिळाही ठोकता येत नाही.' मग ही समिती आहे तरी कोण, ती काय अडवते आणि तिच्याकडे जायची रीत काय?

मालकांच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण जुन्या इमारतींचं काम करताना हे वाक्य मी निरनिराळ्या मालकांकडून सतत ऐकत आलो आहे. ते खरं नाही. वारसा यादीतल्या इमारतीची दुरुस्ती करता येते, आतली रचना बऱ्याच अंशी बदलता येते, लिफ्ट बसवता येते, संडास-बाथरूम घरात घेता येतात, वापरही बदलता येतो. समितीच्या पत्रांत 'करू नका'पेक्षा 'हे असं करा' हेच जास्त वेळा लिहिलेलं असतं. गोची निराळीच आहे. 'असं करा' सांगणाऱ्या समितीकडे ते करायला लागणारा एक पैसाही नाही, आणि इमारत ज्याच्या नावावर आहे त्याला ते करण्यात काडीचा फायदा नाही. तुमच्या गॅलरीचं पुढे काय होणार हे समितीच्या कडकपणापेक्षा या दोन गोष्टींवर जास्त ठरेल. पण आधी समितीबद्दल.

आपल्याकडे प्राचीन स्मारकांसाठी कायदे पूर्वीपासून आहेत. घारापुरीची लेणी किंवा एखादा किल्ला त्यांत बसतो. लोक राहतात, दुकानं चालतात, भाडी भरली जातात अशा इमारती त्या कायद्यात कधी नीट बसल्या नाहीत. म्हणून मुंबईसाठी नगररचनेच्या वाटेनं, म्हणजे 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली, 1995 मध्ये वारसा नियम आले. तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीतला तो 67 वा नियम. आताच्या, 2034 पर्यंतच्या विकास आराखड्यासोबतच्या नियमावलीत तो 52 वा आहे. जुने आर्किटेक्ट अजून 'सदुसष्टखाली फाइल टाकली' असं बोलतात, तेव्हा गोंधळू नका. सहाशेहून अधिक इमारती आणि परिसर त्या यादीत आले आणि त्यांच्या बाबतीत महापालिकेला सल्ला द्यायला वारसा संवर्धन समिती नेमली गेली.

'सल्ला' हा शब्द महत्त्वाचा आहे. समिती राज्य सरकार नेमतं. अध्यक्ष साधारणपणे निवृत्त वरिष्ठ सनदी अधिकारी असतात. सोबत वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर, शहराच्या इतिहासाचे जाणकार अशी मंडळी. समिती शिफारस करते, परवानगी महापालिका आयुक्तांच्या अधिकारात निघते. न्यूयॉर्कच्या लँडमार्क्स कमिशनचा दाखला आपल्याकडच्या परिसंवादांत नेहमी दिला जातो. ते कमिशन 1965 चं, पेन्सिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत पाडली गेल्यानंतर उठलेल्या संतापानंतर आलेलं. पण ते स्वतः परवाना देतं आणि नाकारतं. आपल्या समितीच्या हातात तो शिक्का नाही. व्यवहारात आयुक्त समितीच्या शिफारशीबाहेर सहसा जात नाहीत, तरी 'समितीनं अडवलं' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, 'लेखी दाखवा.' बहुतेक वेळा फाइल समितीपर्यंत गेलेलीच नसते. तुमच्या मालकांनाही हेच विचारा.

आता श्रेणी, कारण सगळं त्यावर ठरतं. पहिल्या श्रेणीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर अशा वास्तू. तिथे आत किंवा बाहेर, इमारतीचं आयुष्य वाढवण्यापलीकडे काही करायचं नाही. दुसऱ्या श्रेणीचे अ आणि ब असे दोन भाग. 'अ'मध्ये आतले बदल साधारणपणे चालतात, बाहेरच्या बदलांची छाननी होते. 'ब'मध्ये त्याच आवारात मूळ इमारतीशी जुळेल असं वाढीव बांधकामही होऊ शकतं. तिसरी श्रेणी रस्त्याच्या, वस्तीच्या चेहऱ्यासाठी महत्त्वाच्या इमारतींची. तिथे आत-बाहेर दोन्ही बदलांना बरीच मोकळीक असते. आणि चौथी गोष्ट म्हणजे परिसर. परिसरात तुमची इमारत एकटी म्हणून नामांकित नसते. ओळीतली एक म्हणून ती मोजली जाते. गॅलऱ्यांची ओळ, उताराची कौलं, गल्लीची रुंदी आणि इमारतींची उंची यांचं जे नातं आहे ते टिकवायचं, एवढाच तिथला हेतू असतो. तुमच्या स्वयंपाकघरात ओटा कुठे असावा याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

इमारत उपकरप्राप्त असणं ही आणखी एक गाठ. परिसरातली किंवा तिसऱ्या श्रेणीतली उपकरप्राप्त इमारत दुरुस्त होतेय की नव्यानं बांधली जातेय, नवी उंची किती, यावर फाइल समितीपुढे जाते की आयुक्तांच्या पातळीवरच निकालात निघते हे ठरतं. या तरतुदी वेळोवेळी बदलल्या आहेत. म्हणून तुमच्या आर्किटेक्टकडून आजची स्थिती तोंडी नको, नियमाच्या उपकलमासकट लेखी घ्या.

समितीपुढे येतं काय? वर्तमानपत्रात टॉवरच्या बातम्या येतात म्हणून लोकांना वाटतं की तिथे रोज मोठ्या लढाया होत असतील. बराचसा विषय साधा असतो. दुकानाची पाटी कमानीवर चढलीय. गच्चीवर निळ्या पत्र्याची पावसाळी शेड घातलीय. दर्शनी भिंतीवर एसीची बाहेरची मशीनं टांगायचीत. ओव्हलसमोरच्या आर्ट डेको इमारतीत एकानं बाल्कनी काचेनं बंद केली, आता बाकीच्यांनाही करायचीय. (तो परिसर 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण बाल्कनीला ते कोण सांगणार!) रंगाची छटा, कंपाउंडची भिंत, मोबाइलचा टॉवर, शेजारच्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीचा दर्शनी भाग. दादाभाई नौरोजी रोडवर पूर्वी कमानींच्या चौकटी, नक्षी, खांब सगळं पाट्यांखाली गाडलं गेलं होतं. दुकानदारांना बरोबर घेऊन पाट्यांची मापं आणि जागा ठरवल्या, तेव्हा लोकांना त्या रस्त्यावर दगडी कमानी आहेत हे पुन्हा दिसलं. एकही वीट न हलवता झालेलं ते काम मी नव्या मुलांना आवर्जून दाखवतो.

आता तुमची गॅलरी. गिरगावातल्या बहुतेक गॅलऱ्या एकाच पद्धतीच्या आहेत. आतल्या जमिनीचे सागवानी वासे भिंतीतून तसेच बाहेर काढलेले, खाली ओतीव लोखंडाचे किंवा लाकडाचे ब्रॅकेट, वर फळ्या, पुढे कातीव दांड्यांचा कठडा. मूळ हिशोब काय होता? चार माणसं उभी राहतील, पापड वाळतील, गणपतीची मिरवणूक बघायला जरा जास्त गर्दी होईल. नंतर त्यावर काय काय आलं ते आठवा. फळ्यांवर कोबा, कोब्यावर लादी, लादीवर आणखी एक चकचकीत लादी, कोपऱ्यात मोरी, मोरीत पाण्याचं पिंप, कठड्याच्या जागी अर्ध्या विटेची भिंत आणि वर ग्रिल. सागवान एवढंही सहन करतं. ते हरतं पाण्यापुढे. मोरीचं पाणी झिरपून वाशाचं भिंतीत गेलेलं टोक ओलं राहतं, तिथे हवा लागत नाही, आणि वासा नेमका त्या वीतभर जागेत कुजतो. बाहेरून धडधाकट दिसणारा वासा आतून भुसा झालेला असतो. टोचा घेऊन भिंतीलगत टोचून पाहा. पातं सहज आत गेलं तर तिथपर्यंत लाकूड गेलेलं समजा.

यावर सरसकट होणारा इलाज म्हणजे गॅलरी सपाट कापायची, लोखंडी गर्डर घुसवायचे आणि काँक्रीटचा स्लॅब टाकायचा. उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीत हे वर्षानुवर्षं चाललं आहे. यात दोन गोष्टी बिघडतात. लाकूड-विटांच्या, थोडीफार हलणाऱ्या, श्वास घेणाऱ्या भिंतीत एक जड आणि ताठ तुकडा अडकवला जातो, त्याचा भार ती भिंत नीट वाटून घेऊ शकत नाही. दुसरं म्हणजे मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत भिंतीत पुरलेला गर्डर गंजतो, गंजला की फुगतो आणि भोवतालची वीट फोडतो. दहा-पंधरा पावसाळ्यांत पुन्हा टेकू. समितीतला इंजिनिअर अशा नकाशावर हरकत घेतो ती शोभेसाठी नव्हे.

योग्य काम असं चालतं. आधी वरचा अनावश्यक भार उतरवायचा, म्हणजे लाद्या, कोबा, पिंप, विटांची भिंत. मग टेकू देऊन एकेक वासा मोकळा करायचा. कुजलेलं टोक कापून तिथे जुन्याच सागवानाचा नवा तुकडा लांब तिरक्या सांध्यानं जोडायचा आणि बोल्ट मारायचे. भार जास्त असेल तर दोन्ही अंगांना लपलेली पोलादी पट्टी. भिंतीत शिरणाऱ्या टोकाभोवती हवा खेळायला जागा ठेवायची. ब्रॅकेट तडकलं असेल तर त्याचा साचा काढून तसंच ओतून घ्यायचं. मोरी आत हलवायची. हे शेवटचं कलम भाडेकरूंच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ खातं, आणि ते टाळून बाकी सगळं केलं तर पैसे पाण्यात. सागवान कुठून आणायचं? पाडलेल्या इमारतींचं जुनं लाकूड वखारीत मिळतं आणि ते आजच्या नव्या लाकडापेक्षा बरेचदा सरस असतं.

अशी फाइल, म्हणजे जुनं तसंच ठेवणारी, समितीत फारशी अडत नाही. अडते ती 'रिपेअर्स अँड रेनोव्हेशन ऑफ फसाड' एवढं एका ओळीत लिहून, मोबाइलवर काढलेले दोन धूसर फोटो जोडून पाठवलेली. मग शेरा येतो, सविस्तर नकाशे सादर करा. आर्किटेक्ट दोन महिने उगवत नाही. मालक सांगत सुटतात, हेरिटेजवाले छळतात.

खिडक्यांबद्दल मी थोडा पक्षपाती आहे, आधीच सांगून टाकतो. झिलमिली पावसात बंद ठेवूनही वारा आत येऊ देते. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी अर्धीच उघडते आणि पावसात तीही बंद. पण भाडेकरूंची तक्रारही खोटी नाही. पट्ट्या निखळलेल्या, चौकट फुगलेली, रस्त्याचा आवाज आणि धूळ आत, एसी लावला तर गारवा बाहेर. यावर वापरात असलेला तोडगा असा: बाहेरची लाकडी चौकट आणि झडपा दुरुस्त करून जागच्या जागी ठेवायच्या आणि आतल्या अंगाला, भिंतीच्या जाडीत, काचेची वेगळी बारीक चौकट बसवायची. जुन्या भिंती जाड असतात, जागा मिळते. रस्त्यावरून काही दिसत नाही, आत आवाज कमी होतो. जिथे मूळ खिडकी आधीच गेलेली आहे तिथे त्याच मापाची, त्याच विभागणीची लाकडी चौकट करून काच लावायला समिती सहसा ना म्हणत नाही. मात्र अर्ज एकेका बिऱ्हाडाचा करू नका. अख्ख्या दर्शनी भागाचा एकच नकाशा करा, एकच खिडकी ठरवा, मग ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो त्याप्रमाणे करील.

गिलाव्याबाबत एवढंच: जुनी भिंत चुन्याची असेल तर तिच्यावर सिमेंट मारू देऊ नका आणि प्लास्टिक पेंट तर मुळीच नको. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट शोधते; सिमेंटनं वाट बंद झाली की ती क्षार घेऊन आतच फिरते आणि विटेचा, मालाडच्या पिवळसर दगडाचा वा पोरबंदरच्या चुनखडीचा पापुद्रा सुटतो. कळीचा चुना भिजवून मुरवायचा, सुरखी (विटांची पूड) मिसळायची, हे काम येणारे गवंडी आजही मिळतात, थोडे शोधावे लागतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन या. 1872 ची इमारत, पुरती अवकळा आलेली; महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि एका खासगी प्रतिष्ठाननं मिळून ती अशा कारागिरांकडून उभी करून घेतली आणि 2005 मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. तिथला पैसा तुमच्या इमारतीला मिळणार नाही हे मलाही कळतं, पण चुन्याचं काम कसं दिसतं हे डोळ्यांनी पाहून ठेवलं की कंत्राटदार फसवू शकत नाही.

आता जरा नाजूक विषय, स्ट्रक्चरल ऑडिटचा. तीस वर्षांवरच्या इमारतींना ते बंधनकारक आहे आणि अहवालात इमारतीला एक वर्ग मिळतो. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडा. सी-2-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2-बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ. वारसा इमारतीला सी-1 मिळाला की समितीची सगळी चर्चा एका कागदानं निरर्थक होऊ शकते, आणि हे ज्यांना कळायला हवं त्यांना पक्कं कळतं. म्हणून अहवाल हातात आला की शेवटचं पान वाचून घाबरण्याआधी चाचण्यांचं पान उघडा. मी पाहिलेल्या एका अहवालात लाकडी खांब, सागवानी तुळया आणि विटांच्या भिंतींच्या इमारतीसाठी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिकचे आकडे रकानेच्या रकाने भरले होते. त्या चाचण्या काँक्रीटच्या! इमारतीत काँक्रीट होतं ते फक्त मागाहून बांधलेल्या संडासाच्या ब्लॉकमध्ये. त्या ब्लॉकचे आकडे वाईट होतेच, आणि त्यावरून अख्खी इमारत सी-1. लाकडाची ओल किती, वाळवी कुठवर, वाशांची टोकं कशी, भिंत ओळंब्यात आहे का, याबद्दल चकार शब्द नव्हता. असा अहवाल आला तर भाडेकरूंनी स्वतःचा दुसरा अहवाल, लाकूड आणि दगडी बांधकाम कळणाऱ्या इंजिनिअरकडून, करून घ्यावा. दोन अहवालांत तफावत असेल तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. ही वेगळी समिती, हेरिटेजची नव्हे.

काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, हे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. 1860 च्या दशकातली ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची इमारत. सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजानं आणलेला. 1896 च्या जुलैत ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. दुसरी श्रेणी 'अ'. सगळी कागदी कवचं असूनही आत भाडेकरूंच्या असंख्य खोल्या, पोटमाळे, डागडुजी शून्य. 2005 मध्ये एक भाग कोसळला. 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं ती रिकामी झाली. एका नामांकित तंत्रसंस्थेच्या पाहणीत पाडण्याचा सल्ला आला, तर संवर्धनाच्या क्षेत्रातल्या लोकांनी दुरुस्ती शक्य असल्याचं हिरिरीनं मांडलं. कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवा. इतक्या वर्षांत वारसा यादीनं त्या इमारतीच्या छपरावरचं एक कौलही बदललं नाही, ही खरी गोष्ट. यादी फक्त बदल थांबवते. झीज थांबवायला माणूस आणि पैसा लागतो.

आणि इथे आपण मूळ दुखण्यावर येतो. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली ती आजतागायत जवळपास तशीच. अमुक रुपये महिना भाडं घेणारा मालक सागवानी वासे बदलेल अशी अपेक्षा करणं हास्यास्पद आहे. इमारती पडू लागल्या तेव्हा 1969 मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ आलं. तेव्हा शहर बेटावर 19,642 उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या. मंडळ दुरुस्ती करतं, पण प्रति चौरस मीटर खर्चाला मर्यादा आहे, आणि चुना-सागवानाची दुरुस्ती त्या दरपत्रकात बसवणं ही कसरतच. उलट्या बाजूला उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा 33(7) हा नियम उभा आहे: इमारत पाडा, भाडेकरूंना फुकट नवी घरं द्या, बदल्यात वाढीव चटई क्षेत्र घ्या. मालकाच्या जागी बसून विचार केला तर दुरुस्ती हा खर्च आणि पडझड ही भांडवलवृद्धी. हे गणित जोवर असं आहे तोवर समितीत साक्षात विश्वकर्मा बसवला तरी फरक पडणार नाही.

नियमांत याला उतारा म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क ठेवलेत. कल्पना न्यूयॉर्ककडूनच आलेली. वारसा नियमामुळे जेवढं बांधता येत नाही तेवढा हक्क दुसरीकडे विकायचा आणि तो पैसा जुन्या इमारतीला लावायचा. मोठ्या आवाराच्या बंगल्याला किंवा संस्थेला हे जमतं. गिरगावातल्या इमारतीनं आपला प्लॉट आधीच काठोकाठ भरलेला असतो, विकायला शिल्लक काय राहणार? शिवाय भाडेकरू तिथेच राहणार, त्यांना त्या विक्रीतून काहीच नाही. खोताच्या वाडीत पूर्वी पासष्टच्या आसपास घरं होती, आज निम्मीही राहिली नाहीत. ती काही नियमांच्या अज्ञानातून गेली नाहीत.

म्हणूनच रहिवासी 'हेरिटेज' म्हटलं की दचकतात, त्याला मी नावं ठेवत नाही. 2012 मध्ये यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शिवाजी पार्कच्या सोसायट्यांनी केवढा विरोध केला ते दादरकरांना आठवत असेल. त्यांचा मैदानावर जीव होता, इमारतींच्या बैठ्या उंचीवरही होता. प्रश्न त्यांचा सरळ होता: लिफ्ट नसलेल्या इमारतीत म्हातारपणी आम्ही राहायचं, गळतीचा खर्च आम्ही करायचा, आणि शहरानं सौंदर्य उपभोगायचं? या प्रश्नाला आमच्या व्यवसायातल्या लोकांनी तेव्हा व्याख्यानं दिली, उत्तर दिलं नाही.

तर तुम्ही काय करावं. पहिलं, इमारतीचं यादीतलं नेमकं स्थान महापालिकेच्या हेरिटेज विभागातून लेखी काढा: स्वतंत्र श्रेणी आहे की फक्त परिसर. अनेकदा मालकाला, भाडेकरूंना आणि दलालाला तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी माहीत असतात. दुसरं, भाडेकरूंची समिती नोंदवून दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करा आणि त्यातच लिहा की इमारत वारसा परिसरात आहे, दुरुस्तीचा तपशील संवर्धन वास्तुविशारदाकडून तपासून घ्यावा. मंडळाची मर्यादा संपली की वरचा खर्च भाडेकरूंनी उचलायचा असतो. तुमच्या आकाराच्या इमारतीत तो वाटला तर ऐकताना वाटतो तितका नसतो, पण पहिल्या बैठकीत आकडा सांगू नका, नाहीतर दुसरी बैठक होणार नाही.

तिसरं म्हणजे फाइल. त्यात दर्शनी भागाचा मोजून काढलेला नकाशा हवा, आहे तसा आणि होणार तसा, एकाच मापात, शेजारी-शेजारी. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून काढलेले फोटो हवेत, म्हणजे ओळीत तुमची इमारत कशी बसते ते दिसेल. खिडकीचा, कठड्याचा, ब्रॅकेटचा तपशील मोठ्या मापात. कुठलं लाकूड, कुठला चुना, सांधा कसा, हे साध्या शब्दांत एका पानावर. आणि जुना फोटो. कुणाच्या तरी घरी गॅलरीत उभं राहून काढलेला लग्नाचा किंवा मुंजीचा फोटो असतोच, त्यात मूळ कठडा, कधी कधी मूळ रंगसुद्धा दिसतो. समितीपुढे अशा एका फोटोनं जेवढं काम होतं तेवढं दहा पानी टिपणानं होत नाही. सुनावणीला बोलावलं तर आर्किटेक्टबरोबर भाडेकरूंपैकी एकानं तरी जावं, शक्यतो मोरी हलवायला तयार झालेल्यानं.

मालकांची संमती मिळत नसेल तर त्यांच्या नकाराचं पत्र मागा. ते देणार नाहीत. मग तुम्ही मागितल्याची पोच ठेवा. मंडळाकडे आणि गरज पडली तर न्यायालयात तीच कामाला येते. आणि एखादा डेव्हलपर संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन आला, 33(7)साठी निम्म्याहून जास्त भाडेकरूंच्या सह्या पुरतात म्हणाला, तर सही करण्याआधी नवी उंची किती दाखवली आहे आणि हेरिटेज मान्यतेचं पत्र कुठे आहे एवढं विचारा. मान्यता 'येईलच' असं उत्तर आलं तर संक्रमण शिबिरात किती वर्षं काढावी लागतील याचा अंदाज तुम्हीच बांधा.

गॅलरीला टेकू मात्र या सगळ्याच्या आधी, या आठवड्यात लावा. तात्पुरत्या आधारासाठी समितीच्या बैठकीची वाट पाहायची गरज नाही. खाली पदपथावर फळी टाकून भार पसरवा, टेकू थेट वाशाला न देता आडव्या तुळईला द्या, लावण्याआधीचे आणि नंतरचे फोटो काढा, आणि वॉर्ड ऑफिस व दुरुस्ती मंडळ दोघांना पत्र देऊन पोच घ्या. पिंपं आजच आत.